तिसरं अक्षर

उस्ताद,

त्या रविवारी सकाळी तुम्ही मशीनवर खरंच काही पाठवलं नव्हतं का, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की नांदेडला तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकणारा बसतो, आणि मी स्वतः बहात्तरीला आलो. तरी हा प्रश्न जात नाही. मधली काही वर्षं तो गप्प पडून होता. गेल्या रविवारपासून परत उठला आहे, कारण माझ्या हातात परत तसलीच गोष्ट आली आहे: लांबून आलेली थोडी अक्षरं, आणि ती आपल्या पायांनी आली की मी ओढून आणली याची शंका. उद्या सकाळच्या आत त्याचा रिपोर्ट पाठवायचा आहे. सून म्हणते, "पाठवा की मामा, कशाची वाट बघून राहिलात?" मी तिला काय सांगू? माझा संशय तिच्यावरच आहे.

माझं अक्षर तुम्हाला ओळखू येईल. आठवी नापास माणसाचं, उजवीकडं पडत जाणारं. इंग्रजी अक्षरं तर मी शाळेत शिकलोच नाही, तुमच्या दुकानात मोर्सची टिंबं आणि रेघा ऐकून शिकलो. अजूनही मला 'डी' म्हटलं की आधी एक लांब आणि दोन बारके आवाज येतात, मग त्याचं पोट दिसतं. तुमच्याकडं आलो तेव्हा मी काही पोर नव्हतो. लग्न झालेलं, चाकूरजवळच्या गावात पंप दुरुस्तीचं थोडंफार काम होतं. एका बिघडलेल्या रेडिओच्या निमित्तानं आलो आणि येत राहिलो. पुढं दुकान, मागं चाचीचा सैपाक, आणि दोन्हींच्या मधे पडद्याआड तुमचं मशीन. भिंतीवर चौकटीतलं हौशी वायरलेसचं लायसन. रोट्यांचं पीठ उडून मशीनच्या बटनांवर बसायचं आणि तुम्ही ते ब्रशनं झाडत चाचीला म्हणायचा, "तेरा आटा अमेरिका तक जाएगा एक दिन."

तुम्हाला अमेरिकेचं वेड नव्हतं मात्र. बाकीचे लायसनवाले वरच्या पट्ट्यांवर परदेशाशी बोलायचे, तिकडून पोच म्हणून आलेली कार्डं भिंतीवर लावायचे. तुम्हाला हवा होता लायसनमधला सगळ्यात खालचा पट्टा, मिडियम वेव्हच्या जरासा वर, जिथं दिवसा नुसती खरखर असते. वरचे सिग्नल आभाळाला टेकून येतात, खालचे जमीन धरून चालत येतात, असं तुम्ही मला सांगितलं होतं, आणि मला ते लगेच पटलं. जमीन धरून चालणारं काहीही मला पटतं. तुम्हाला बघायचं होतं की टॉर्चच्या बल्बाएवढी ताकद लावून नांदेडहून निघालेला एक शब्द माझ्या गावापर्यंत चालत येतो का.

त्यासाठी तुम्ही नियम घातला होता. शनिवारी तुम्ही एक शब्द कागदावर लिहून लिफाफ्यात घालायचा, डिंकानं चिकटवून चाचीच्या मसूरडाळीच्या डब्यात ठेवायचा. रविवारी दिवस वर आला की तोच शब्द सावकाश, परत परत पाठवायचा. मी गावात बाभळीपासून विहिरीपर्यंत ताणलेल्या तारेवर ऐकायचं. ऐकलं ते पोस्टकार्डावर लिहून त्याच दिवशी पेटीत टाकायचं. हातानं कार्ड आणायचं नाही, कारण हातात असलेल्या कार्डावर माणूस वाटेत काहीही सुधारू शकतो. पोस्टाचा शिक्का हा आपला साक्षीदार. मग मी पुढच्या खेपेला आलो की डाळीत हात घालून लिफाफा काढायचा आणि कार्ड शेजारी ठेवून बघायचं. पहिल्याच कार्डावर मी शब्दापुढं 'बहुतेक' लिहिलं तेव्हा तुम्ही ते चाचीला वाचून दाखवलं होतं. "बहुतेक! सुना? अरे, बहुतेक ऐकणारा माणूस बहुतेक बहिरा असतो." मग तुम्ही तुमचे जड काळे हेडफोन काढून माझ्या गळ्यात घातले. घरी न्यायला दिले. त्या दिवशी मी बसमध्ये ते बॅगेत घालून मांडीवर घेऊन बसलो होतो, कंडक्टरनं बॅग वर ठेवा म्हटलं तरी ठेवली नाही.

आणि मग तो रविवार. मी इंग्रजी अक्षरांत 'लेंडी' लिहून पाठवलं. तुम्ही नद्यांची नावं पाठवायचा हे मला तोवर कळलं होतं. मन्याड झाली होती, मांजरा झाली होती, आसना झाली होती. पुढच्या खेपेला दुकानात आलो तर तुम्ही कार्ड समोर ठेवून बसलेला. तोंडावर काही नाही. म्हणालात, "जा, काढ लिफाफा." मी फाडला. आत कोरा कागद. मी उलटा करून बघितला, लिफाफ्यात फुंकून बघितलं.

"उस्ताद, हे काय?"

"जे पाठवलं ते."

"पण मी ऐकलंय."

"काय ऐकलं?"

"लेंडी."

"लेंडी तुझ्या डोक्यात वाहते, बेटा. हवेत नव्हती. मी बटनाला हात लावला नाही त्या दिवशी."

मी म्हणालो की ऐकलं ते ऐकलं. तुम्ही म्हणालात, "मग कान विक. तुझं तोंडच बास आहे, ते न ऐकता बोलतं." गिऱ्हाईक बसलं होतं, ते हसलं. मी हेडफोन टेबलावर ठेवले आणि उतरलो. चाची मागून "अरे जेवून तरी जा" म्हणाली, ते ऐकलं मी, ते काही डोक्यातलं नव्हतं. परत आलो नाही.

तेव्हापासून मी शंका घेत आलो आहे, उस्ताद. आधी तुमच्यावर. माणूस असं कशाला करील? तुमचा भाचा हैदराबादहून येणार होता, त्याला जागा करायची होती का? मी दोन वेळा जेवायला थांबायचो ते जड झालं होतं का? की तुम्ही पाठवलं होतं आणि लिफाफा नंतर बदलला? डिंक मला ओला वाटला होता. आता तो ओला होता की मला राग आला म्हणून ओला वाटला, कोण सांगणार. लातूरला मोटार रिवाइंडिंगचं काम धरलं, वीस वर्षं तांब्याची तार गुंडाळली, पण तेही आधी मीटर लावून, मग दुसरं मीटर लावून, मग शेजारच्या दुकानातलं मीटर मागून आणून. माझा मालक म्हणायचा, "ह्याला आरशात तोंड दिसलं तरी हात लावून बघल." तुम्ही गेल्याचं मला लातूरच्या स्पेअर पार्टवाल्याकडून कळलं, तेही चार महिन्यांनी. नांदेडला आलो. चाची मागच्या खोलीत एकटी होती. मी बसलो, चहा घेतला आणि अशा वेळी विचारू नये ते विचारलं. तिनं माझा रिकामा कप उचलला. "सकाळी बसले होते ते मशीनवर. रोजच बसायचे. हात चालत होता का नुसते बसले होते, ते मी रोट्या लाटताना कशी बघू बेटा?"

बस. एवढीच साक्ष. त्यानंतर तीही गेली.

आता इथलं सांगतो. चाकूरच्या बाहेर शेताच्या कडेला आमचं घर आहे. मुलगा रोज लातूरला जातो-येतो, सून इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. दोन वर्षांपूर्वी तिनंच सांगितलं की आता लायसनवाल्यांना आणखी खालचे पट्टे मिळालेत, मिडियम वेव्हच्याही पार खाली, एकशे छत्तीस किलोहर्ट्झ. मला रात्रभर झोप नाही. तुम्ही असतात तर काय केलं असतंत. केरळच्या किनाऱ्यावर एक म्हातारे आहेत, पूर्वी जहाजावर वायरलेसला होते. ते थंडीत, विजांची खरखर नसते तेव्हा, रविवारी पहाटे तीन अक्षरं पाठवतात. अर्थ नसलेली, कुणाला अंदाज करता येऊ नये म्हणून. आणि किती सावकाश, उस्ताद! एक टिंब एक मिनिटाचं, एक रेघ तीन मिनिटांची. कानाला काही कळतच नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर खरखरीचा राखाडी पट्टा सरकत राहतो आणि त्यात सिग्नल असला तर पांढरी बारीक ओळ उमटते. ज्यांना दिसलं त्यांनी आठवड्याच्या आत रिपोर्ट पाठवायचा. पुढच्या रविवारी ते खरी अक्षरं जाहीर करतात आणि ज्याचं जुळलं त्याला स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड पाठवतात. मराठवाड्यातून त्यांना आजवर एकही रिपोर्ट गेलेला नाही.

मी बांबूची चौकट करून रिवाइंडिंगच्या उरलेल्या तारेचे वेढे घातले आणि ती अंगणात अँटेना म्हणून उभी केली. लॅपटॉप सुनेचा, तो चालवतेही तीच. पहिले दोन महिने नुसता पाऊस. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस, सेकंदाला एक. मी घरातला एकेक दिवा काढला, इन्व्हर्टर बंद केला, टीव्हीचा डबा कपाटात ठेवला. शेवटी ट्रान्झिस्टर हातात धरून शेतभर फिरलो तेव्हा सापडलं. शेजाऱ्यानं डुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावली आहे, ती टक-टक करते. मी त्याच्याकडं गेलो. म्हटलं पहाटे दीड तास बंद ठेव.

"तात्या, तुमच्या त्या तारेच्या गुंडाळ्यापायी माझा हरभरा डुकरानं खाऊ द्यायचा का?"

"दीड तास फक्त. रविवारी."

"मग डुकरालाच सांगा की. म्हणावं रविवारी सुट्टी घे."

पण त्यानं बंद ठेवली. मी पहाटे ट्रान्झिस्टर घेऊन कुंपणापाशी जाऊन ऐकलं. बंद होती. परत जाऊन ऐकलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो अंगणात तोंड धुवत उभा होता. म्हणाला, "बंदच हाय तात्या. शपथ घेऊ का आता तांब्यावर हात ठेवून?"

त्याच पहाटे, म्हणजे गेल्या रविवारी, ओळ उमटली. सून खुर्चीवर, मी तिच्यामागं स्टुलावर, दोघांच्या अंगावर एकच चादर अर्धी अर्धी. आधी एक लांब रेघ. मला वाटलं पडद्यावर केस आहे, मी बोटानं पुसला. मग टिंब. मग परत लांब. 'के'. सुनेनं माझा हात धरला. मग टिंब, रेघ, टिंब. 'आर'. तिथवर उजेड यायला लागला होता. उजाडलं की हे सिग्नल मावळत जातात. त्यापुढं पडद्यावर एक लांबट पांढुरका डाग उमटला आणि संपलं. 'टी' म्हणजे एकच लांब रेघ. के, आर, टी. सुनेनं वहीत लिहून घेतलं, चित्र लॅपटॉपवर जपून ठेवलं आणि मला म्हणाली, "मामा, जमलं!" मी हसलो. अंगणात गेलो, चौकटीला हात लावून आलो.

दुपारपर्यंत शंका आली. 'टी' आधी कोण म्हणालं? मला आठवत होतं की ती म्हणाली. मी अजून डोळे बारीक करून बघत होतो आणि ती म्हणाली, "टी". इतक्या लवकर तिला कसं दिसलं? केरळच्या त्या म्हाताऱ्यांच्या ग्रुपवर तिचाच फोन आहे, माझा साधा. कुणी आधी काही फोडलं असेल. आदल्या दिवशी ती म्हणाली होती, "या टायमाला नक्की मिळणार बघा." नक्की कशावरून? डॉक्टरनी तिला बाजूला घेऊन सांगितलेलं मी ऐकलंय, की म्हाताऱ्याला खूश ठेवा, त्यांना काळजीची खोड आहे. खूश ठेवायला आणखी काय लागतं, एक अक्षर पुढं सरकवलं की झालं. आठवडाभर मी ती शाळेत गेली की ते चित्र उघडून बघतोय. तेवढं उघडायला मी शिकलो. रोज बघतो तर तिथं 'टी' आहे. पण ज्याला सांगून ठेवलंय की इथं 'टी' आहे, त्याला दुसरं काय दिसणार? तिनं जेवायला वाढलं तरी मी तिच्याकडं बघायचो. तिलाही कळत होतं. भाकरी ताटात जरा जोरात पडायची.

इथवर सकाळी लिहिलं होतं, पुढचं आता रात्री लिहितो. आज दुपारी ती पेपर तपासत बसली होती. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"खरं सांग. तुला आधी माहीत होतं का?"

"काय?"

"तिसरं अक्षर."

तिनं लाल पेन खाली ठेवला. "मामा, मी पोरांच्या कॉप्या धरते. मीच कॉपी करीन व्हय? अन् ती पण केरळच्या म्हाताऱ्याची?"

"मग तू आधी 'टी' कशी म्हणालीस?"

"मी?" ती उठली, वही आणली, ते पान माझ्या नाकासमोर धरलं. शाईनं 'के' आणि 'आर'. त्यापुढं पेन्सिलनं 'टी' आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, "मामा म्हणाले." "तुम्ही म्हणालात म्हणून लिहिलं. मला तिथं काहीच दिसत नव्हतं. तुम्ही इतके खूश होतात, मी म्हटलं असल, जुना माणूस आहे, त्यांना दिसत असल. तेवढी चूक माझी. पण ते अक्षर माझं नाही."

मी म्हणालो, वही नंतर लिहिली असशील. हो, म्हणालो मी हे. तिचे डोळे भरले, पण ती रडली नाही. तिनं दारात जाऊन शेजाऱ्याला हाक मारली. त्याला इंग्रजी अक्षर येत नाही, टिंब-रेघ काय ते ठाऊक नाही. त्याला चित्रासमोर बसवून तिनं विचारलं, "दाजी, इथं काय काय दिसतंय ते नुसतं सांगा."

तो बोट फिरवत गेला. "ही लांब. ही बारकी. ही लांब. मग मोकळं. ही बारकी, ही लांब, ही बारकी."

"अन् पुढं?"

तो वाकला, मागं सरला, परत वाकला. "पुढं काय? पुढं कुणी फडकं मारल्यावानी झालंय. काई न्हाई तिथं."

"नीट बघ," मी म्हणालो.

"तात्या, नीटच बघून राहिलो. तुम्हाला पायजे असलं तर म्हणतो रेघ हाय म्हणून."

तो गेल्यावर मी अंगणात येऊन बसलो, तेव्हा मला ती पहाट परत ऐकू आली, उस्ताद, या वेळी बरोबर. माझाच आवाज होता. चादरीतून हात काढून पडद्याकडं बोट करून मीच म्हणालो होतो, "टी. टी आहे बघ." तिचं तोंड तर बंद होतं, तिनं थंडीनं दात दाबले होते.

म्हणून आता तुम्हाला ते सांगतो जे तेव्हा दुकानात सांगायला हवं होतं. त्या रविवारी मी कार्डावर पाच अक्षरं लिहिली. पाच ऐकली नव्हती. मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो की तीन तरी ऐकली होती, एल, ई आणि शेवटचा आय. पण ई म्हणजे एकच टिंब, आय म्हणजे दोन टिंबं. तारेवर पाखरू बसून उठलं तरी तेवढं वाजतं. मधली दोन तर मी सरळ घातली, नद्यांमधली एल-वाली कोणती हे आठवून. तुमच्या नजरेत भरायचं होतं मला. तर उरतो एक एल. टिंब, रेघ, टिंब, टिंब. तो मात्र ऐकला होता. दोनदा ऐकला. तुम्ही बटनाला हात लावला नव्हता, तर तो एल कुठून आला, हे मी अजून तुम्हाला विचारणार. कदाचित तुम्ही एकच अक्षर पाठवून थांबला असाल, माझी परीक्षा घ्यायला. कदाचित चाचीनं मशीन पुसताना हात लागला असेल. कदाचित तोही मीच घातला. मी कार्डावर नुसता एल लिहून टाकला असता तर तुम्ही काय म्हणाला असतात, याचा विचार करून आता काही हाती येत नाही, तरी करतो.

हे पत्र मी कुठं टाकू? शिक्का मारणारं कुणी नाही त्याला. सुनेला वाचायला देणार नाही, ती शुद्धलेखन तपासेल.

संध्याकाळी तिला म्हटलं, रिपोर्ट पाठव. तिनं लॅपटॉप उघडून विचारलं, "तिसऱ्या जागी काय लिहू?" मी म्हटलं, "लिही, दिसलं नाही. मराठवाड्यातून दोनच दिसली." कार्ड येणार नाही मग, दोघांनाही ठाऊक आहे. ती टाइप करू लागली. मला तिला म्हणायचं होतं की माझं चुकलं, आणि ते मी अजून म्हटलेलं नाही. उलट, उस्ताद, ती टाइप करत होती तेव्हा मी चष्मा घालून तिच्या पाठीमागं उभा होतो, तिसरं अक्षर ती गुपचूप घालते का ते बघायला. तिनं घातलं नाही. तिला माहीत होतं मी मागं आहे. ती खुर्ची जराशी बाजूला सरकवून बसली, मला नीट दिसावं म्हणून.